मावशींचा न झालेला पंचनामा

थंडाईवाल्या मावशी गिऱ्हाइकाला आधी टावर चौकाच्या फुटपाथवर दहा पावलं चालायला लावत आणि मगच त्याला भांग घातलेली द्यायची की साधी, ते ठरवत. एखादा तरणा गडी म्हणाला, "मावशी, जरा कड़क बनाना," तर उत्तर ठरलेलं: "पहले सीधा चल के दिखा, भिया. तुझे तो बादाम भी चढ़ जाएगी." शिवरात्रीला त्यांच्या हातगाडीपुढे रांग लागे, त्यातली निम्मी हा अपमान ऐकायला आलेली. स्वतः त्यांनी आयुष्यात थेंब चाखला नाही. "पिणाऱ्यांची तोंडं रोज बघते, तेवढं पुरे," असं म्हणत.

मावशी आमच्यासारख्याच उज्जैनच्या मराठी. माधव नगरात एका खोलीत मुलीसह राहत. नवरा गेल्यावर त्यांनी हातगाडी लावली. भांग त्या पाट्यावर वाटत. वरवंटा उचलला की पाटा त्याला चिकटून वर आला पाहिजे, तोवर हात थांबत नसे. लायसन्सच्या दुकानातल्या भांगेला त्या "गाईचा चारा" म्हणत. त्यांच्याकडे मात्र लायसन्स नव्हतं, आणि लायसन्स नसणाऱ्यांना पकडायची नोकरी माझी होती.

मी त्यांना तीनदा पकडलं. तिसऱ्यांदा हातगाडी ओढून नेली, ती परत दिलीच नाही. पण एकदाही पंचनामा केला नाही, केस केली नाही. "बाईमाणूस आहे, कोर्टकचेरी कशाला," असं मी चारचौघांत सांगे आणि लोक मला देवमाणूस म्हणत. खरं इतकंच, की केस लिहिली तर कोर्टात पेशीला मला जावं लागलं असतं आणि जप्त भांग जमा करावी लागली असती. ती आम्ही खात्यातली मंडळी गच्चीवर बसून प्यालो. वाटण उत्तमच होतं. गाडी गेल्यावर मावशी लोकांच्या घरी पोळ्या लाटू लागल्या.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी नवी योजना आली. जुन्या कारवायांत ज्यांचा धंदा बुडाला, त्यांच्यासाठी भांगेची काही दुकानं राखीव. अट एकच, कारवाईचा पुरावा. मावशी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं, तर आल्या नाहीत.

"जमादार, तुमची मेहेरबानी आता नडते आहे. आयुष्यभर मिरवलं, की माझ्यावर केस नाही. आता खिडकीवरचा बाबू म्हणतो, माताजी, केस लाओ. तुम्ही शपथपत्र द्या, की हिला मी पकडलं होतं."

जप्त माल कुठे गेला, हा पुढचा प्रश्न असणार होता. मला माझी पेन्शन दिसू लागली. "मावशी, फार वर्षं झाली. काही आठवत नाही," मी म्हणालो.

"अहो, पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा घरचा पत्ता सांगतो. तुम्ही शुद्धीत विसरताय!" पुढेही त्या बोलत राहिल्या. मी खाली बघत होतो.

दुकान फ्रीगंजातल्या एका हॉटेलमालकाने मिळवलं, आपल्या नोकराच्या नावावर. नोकरावर जुनी केस होती. वरून केसेसचा तगादा आला होता, तेव्हा मीच ती नियमाने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. उद्घाटनाला मालकाने मला शाल दिली आणि मी ती निर्लज्जपणे घेतली. तिथे भांग मिक्सरमध्ये वाटतात.

मावशी गेल्या थंडीत वारल्या. यंदा पुन्हा अर्ज निघाले, वारसांनाही मुभा आहे. मी आपण होऊन नोटरीकडे गेलो. तिन्ही वेळचं सांगितलं, माल आम्ही प्यालो हेही. नोटरीने विचारलं, "पंचनामा न करण्याचं कारण? दया लिहू?"

"आळस लिहा," मी म्हणालो. "आणि हावरेपणा."

कागद घेऊन माधव नगरात गेलो. मावशींच्या मुलीने तो दारातच वाचला, मग फॉर्मशी ताडून पाहिला. "काका, यात जप्तीच्या तारखा मागितल्यात. तुम्ही जागा कोरी सोडलीत. तारखांशिवाय ते घेणार नाहीत."

तारखा मावशींना तोंडपाठ होत्या. त्या दिवशी माझ्या दारात उभं राहून त्यांनी तिन्ही सांगितल्या होत्या, वारासकट. मी त्या ऐकून घेतल्या नाहीत.