बारकीमावशीचं ओलं लुगडं

बारकीमावशीला पाणीचोर ठरवलं गेलं ते १९९९ सालच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास. जागा – शहापूर तालुका, किन्हवलीच्या पुढे एसटी जिथून वळून परत फिरते तिथून तासभर चालल्यावर लागणारा एक पाडा. नाव लिहीत नाही, माझे नातेवाईक अजून तिथे राहतात. बारकीमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तेव्हा साठीच्या पुढची असेल.

आता माझ्याबद्दल. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात लोक उलट्या पायांच्या बायका वगैरे लिहितात ते वाचून मला राग यायचा, अजूनही येतो. कॉलेजात असताना मी एका अंधश्रद्धाविरोधी गटात होते. आमची एक पिवळ्या कव्हरची आठ पानी पुस्तिका होती. शहापूरच्या एसटी स्टँडवर, मुरबाडच्या बाजारात उभी राहून मी ती वाटलीय, शिव्या खाल्ल्यात. तिचं पहिलं वाक्य होतं – चमत्कार नसतो, चौकशी अपुरी असते. ते मला पाठ होतं, आणि मी ते कुठेही फेकायचे.

मावशी ‘विश्वासी’ झाली ते कळल्यावर म्हणूनच मी भडकले. आजारपणात भगताने तिच्या सगळ्या कोंबड्या संपवल्या होत्या. शेवटी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला पेज भरवली, तिच्यासाठी प्रार्थना केली. ती बाई मुरबाडच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीतली. मावशी बरी झाली आणि दर रविवारी सरळगावमार्गे जीपला लटकून मुरबाडला उपासनेला जायला लागली.

“एका भगताकडून सुटलीस नि दुसऱ्याकडे गेलीस,” मी म्हटलं.

“ह्यो कोंबडं मागत नाय गो,” मावशी म्हणाली.

“मग काय मागतो?”

“कायच नाय. तारन फुकट हाय. तुज्या पिवळ्या कागदात हाय का कायतरी फुकट?”

तारण म्हणजे तिच्या लेखी काय, हे समजायला मला वेळ लागला. आमच्याकडे माणूस मेला की त्याला वाडवडिलांत बसवावं लागतं. भगत बोलवायचा, विधी करायचा, आणि ते करायला रक्ताचं माणूस लागतं. नाही केलं तर मेलेला भटकतो, गावाला त्रास देतो. मावशीचं करणारं कोणी नव्हतं. पाड्यातल्या बायका तिला तोंडावर म्हणायच्या, “बारके, तू मेल्यावर आमालाच छळशील.” आणि इथे कोणीतरी तिला सांगितलं होतं, की तुझी जागा आधीच झालेली आहे, तुझ्यासाठी आणखी कोणी काही करायची गरज नाही. त्या एका गोष्टीवर ती बाई दहा वर्षांनी तरुण झाली होती.

फक्त बाप्तिस्मा राहिला होता. त्या मंडळीत तो पाण्यात पूर्ण बुडवूनच करतात, पावसाळा संपल्यावर नदीला पाणी असताना. आधीच्या वर्षी ती तापाने पडली, त्याच्या आधी भात कापणीत अडकली. आता खोकला वाढला होता, आणि येता पावसाळा संपेपर्यंत आपण टिकत नाही हे तिला कळलं होतं. एप्रिलात मी तिच्याबरोबर मुरबाडला गेले. खरं सांगते, पास्टरला उघडं पाडायलाच गेले होते. वहीत प्रश्नही लिहून नेले होते. पण बोलली मावशीच.

“तांब्याभर पानी वता नि मोकळं करा मला.”

पास्टर मऊ बोलणारा माणूस. म्हणाला, “बारकीबाई, तारण विश्वासाने होतं, पाण्याने नाही. स्वर्गातले सगळे आशीर्वाद तुम्हाला कधीच मिळालेत.”

“मंग मंडळीच्या जागेत मला माती द्याल?”

“त्याला पंचांचा नियम आहे,” तो म्हणाला. मंडळीची दफनाची छोटी जागा होती, आणि ती बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीच.

“म्हंजी देवाला चालतंय, पंचांना नाय,” मावशी म्हणाली आणि पदर झटकून उठली. माझे प्रश्न वहीतच राहिले.

आता पाण्याचं. आमच्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात हे आम्हाला शाळेत छाती फुगवून शिकवलं. पाड्यात मे महिन्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि मग बायका तुटून पडतात. त्या वर्षी टँकर नऊ दिवस आला नव्हता. विहिरीच्या तळाला अंगठा बुडेल एवढा झरा. करवंटीने भरत बसलं तर हंड्याला दीड तास. घरागणिक पाळी लावलेली आणि पाळीवर रात्रंदिवस राखण. गावदेवाला तांदूळ-नारळ देत नाही म्हणून मावशीच्या घराला पाळीच नव्हती. माझी आई लपवून कळशीभर द्यायची, त्यावर मावशी आणि तिची शेळी जगत होती.

त्या शुक्रवारी मी मावशीच्या ओट्यावर बसले होते. अकराच्या आसपास ती माळावरून खाली आली. चिंब भिजलेली. लुगडं अंगाला चिकटलेलं, केसांतून पाणी गळतंय. मी हात लावला – गार. मे महिन्यातल्या त्या उन्हात दगडसुद्धा धरवत नव्हता.

“मावशे, हे काय?”

“झाला माजा बाप्तिस्मा.”

“कोणी केला?”

“मला काय ठावं? मोहाखाली हुबी व्हते. म्हनलं, बापा, नदी आटली, गाव पानी देत नाय, पास्टर वाट बघ म्हनतो. आता तूच काय ते बघ. डोळं मिटलं. मंग गार लागलं.”

“मग?”

“मंग काय? डोळं उघडलं, म्हनलं पोरगी उपाशी बसली आसंल, आले घरी.”

मग ती आत गेली, दुसरं लुगडं नेसली आणि ओलं लुगडं पातेल्यावर पिळलं. पातेलं अर्ध्याच्या वर भरलं. थोडं शेळीला पाजलं, उरलेलं कारल्याच्या वेलाला. “बाप्तिस्म्याचं पानी म्हनून वाया कशाला?” असं म्हणाली. नितळ पाणी होतं. गाळ नाही, शेवाळ नाही. विहिरीचं पाणी त्या दिवसांत चहासारखं दिसायचं.

मी चौकशी केली. तेच तर शिकले होते. तिच्या ओल्या पावलांचे ठसे धुळीत अजून ओळखू येत होते. मी उलटी चढत गेले. ठसे मोहाच्या झाडापर्यंत होते. झाडाखाली बैलगाडीच्या चाकाएवढी जमीन ओली. भोवतीचा पाचोळा कोरडा, पायाखाली कुरकुरणारा. घराकडून झाडाकडे आलेले तिचे ठसे कोरडे. ना हंडा, ना डबा, ना दुसऱ्या कोणाचं पाऊल. पाड्याचा कारभारी धर्मादादा माझ्या मागोमाग आला होता. त्यानेही हे सगळं पाहिलं. जमिनीवर हात ठेवून पाहिला, धोतराला पुसला आणि खाली गेला.

तासाभरात माणसं जमली. सुकलेल्या हंड्यांची माणसं, चिडलेली. “आमची पोरं तहानलेली नि ही म्हातारी न्हाती!” मावशी ओट्यावर बसून एवढंच म्हणत होती, “मी चोरलं नाय. मला दिलं.”

मग धर्मादादा माझ्याकडे वळला. “तू शिकलेली. तू बगितलंस. सांग, चमत्कार व्हतो का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीसुद्धा.

आणि मी म्हटलं, “चमत्कार नसतो. पाणी कुठूनतरी घेतलेलंच असणार.”

शब्द न् शब्द हेच. पुस्तिका बोलली माझ्या तोंडून. मला वाटलं, मी चौकशीचं दार उघडं ठेवतेय. त्यांनी ऐकलं ते ‘घेतलं’. धर्मादादा म्हणाला, “झालं तर. घरचीच साक्ष हाय.” मावशीला पाऊस पडेपर्यंत विहिरीची पायरी बंद, तिला पाणी देणाऱ्या घराची पाळी बंद. म्हणजे माझ्या आईचीही कळशी बंद.

मावशी मला रागावली नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाली, “तुला दिसलं नाय, तू काय करशील गो?” पण मला दिसलं होतं! ठसे मीच पाहिले होते, पाणी मीच हाताने तपासलं होतं. जे दिसलं ते सांगायचं सोडून मी जे पाठ होतं ते सांगितलं.

त्यानंतर ती रोज नाल्यातल्या डबक्याकडे जायची, जाऊन-येऊन चार तास. पाऊस पडायच्या आठ दिवस आधी वाटेतच बसली ती उठली नाही. गावाने मसणात जागा दिली नाही – चोर आणि वर बाटलेली. मुरबाडचे पंच म्हणाले, बाप्तिस्म्याला साक्षीदार नाही. पास्टर मात्र एकटा आला, जीप मिळाली नाही म्हणून पुढचा रस्ता चालत आला. तिच्या भाताच्या खाचराच्या बांधावर आम्ही तिला माती दिली. मी त्याला विचारलं, “मी साक्षीदार आहे. चालेल?” तो म्हणाला, “तुमचा विश्वास आहे का?” मी म्हटलं, “नाही. पण लुगडं ओलं होतं.”

सात वर्षं झाली. मी गट सोडला, पण कोणत्या मंडळीत गेले नाही. प्रयोग केला. तसलंच लुगडं नेसून घरी अंगावर पाणी ओतून घेतलं. तसं भिजायला दोन हंडे लागले. दोन हंडे म्हणजे राखण असलेल्या विहिरीवर तीन तास. ती घरातून निघाली आणि भिजून परतली त्यात पाऊण तासही गेला नव्हता. मग टँकरवाल्याला शोधून काढलं, तो त्या आठवड्यात गाडी बंद म्हणून कसाऱ्याला अडकला होता. कुठून आलं पाणी? मला माहीत नाही. देवाने दिलं असंही मी म्हणणार नाही, कारण ते मी पाहिलं नाही.

पण पाड्यात तिला अजून पाणीचोर बारकी म्हणतात. पोरं त्या बांधाला ‘चोरणीचा बांध’ म्हणतात.

तेव्हा हे वाचणाऱ्यांनो, हळहळू नका, अंगावर काटा आला असं कळवू नका. माझ्याकडून जे व्हायला हवं होतं ते तुम्ही करा. पाणी कुठून आलं हे तुम्ही दाखवू शकत असाल, तर या. मे महिन्यात या, मोहाचं झाड अजून उभं आहे, मी तिथे घेऊन जाते. दाखवू शकत नसाल, तर जिथे बसला आहात तिथेच, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एकदा म्हणा – बारकीने पाणी चोरलं नाही.

म्हणा.