दुपट्ट्याखालचा हात

उकंडभाऊ गेल्याची बातमी मला जिनिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समजली. मालकाच्या मुलाने टाकली होती... ‘अनुभवाचा दीपस्तंभ मालवला, कापसाच्या प्रत्येक तंतूशी संवाद साधणारा ऋषी हरपला.’ एवढं मराठी त्याला सात जन्मांत येणार नाही. मशीनकडून लिहून घेतलं होतं, आणि खाली मशीनचीच ओळ तशीच राहून गेली होती, ‘हवं असल्यास हा मजकूर अधिक भावपूर्ण करून देतो.’ त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात, ओळीने. ती शेवटची ओळ एकानेही वाचलेली दिसली नाही. ज्या माणसाला याच लोकांनी लबाड ठरवून घरी बसवलं, त्याची ही श्रद्धांजली. थू!

उकंडभाऊ हिंगणघाटच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते, मालाची प्रत ठरवायचे. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका काढायचे, दोन्ही चिमटींत धागा ओढून बघायचे, सरकी दाताखाली धरायचे. कट्‌ वाजली तर कापूस कोरडा, नुसती दबली तर ओला. मग मोठ्याने म्हणायचे, “बरा आहे.” प्रत्येकाला हेच. वडनेरहून पहाटे निघालेल्या माणसाला दहा जणांसमोर ‘तुझा माल रद्दी’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. खरा निकाल त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली लागायचा. मी खरेदीचा कारकून, त्यांच्या शेजारी उभा. दुपट्ट्याखाली त्यांनी माझं एक बोट दाबलं तर माल अव्वल, दोन दाबली तर मध्यम, आणि माझी सगळी मूठ आवळली तर ओला, परत पाठव. मी तसं चिठ्ठीवर लिहून गाडीवाल्याच्या हाती द्यायचो. यात फसवाफसवी काही नव्हती. चिठ्ठी तो वाचायचाच, फक्त चारचौघांत त्याचं तोंड पडायचं नाही. बावीस वर्षं आम्ही असंच काम केलं.

मग कापूस पारखणारं मशीन विकणाऱ्या कंपनीची मंडळी आली. गळ्यात पट्टे, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि कापूस हातात धरायचा तर मेलेला उंदीर उचलल्यासारखा दोन बोटांत. “काका, हे एआय तुमची जागा घ्यायला नाही, तुमची ताकद दुप्पट करायला आहे.” मला हसू आलं. उकंडभाऊंना मात्र आशा वाटली. साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर होत चालली होती, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. पडद्यावर धागा दहापट मोठा दिसला तेव्हा ते म्हणाले, “पाय रे मधुकर, माह्या जवानीचे डोळे परत आले! आता बोटाचंबी काही करतीन हे लोक.” मी त्यांना भोळसट म्हणालो.

टेबलावर कॅमेरा लागला, उकंडभाऊंच्या कॉलरला माईक लागला. ते बघतील आणि बोलतील, त्यावरून मशीन शिकणार. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की माईकला सगळीकडे ‘बरा आहे’ एवढंच ऐकू जातंय. दुपट्ट्याखाली काय चाललंय, हे त्या दीडशहाण्यांपैकी एकाने विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. शिकू दे म्हटलं, भरू दे मशीनच्या पोटात हंगामभर ‘बरा आहे’, मग मजा बघू. उकंडभाऊंना वाटत होतं, माझ्या चिठ्ठ्या रोज कंपनीवाल्यांकडे जातात.

पुढच्या हंगामात मालकाने उकंडभाऊंना कापसाला हात लावणंच बंद केलं. “काका, तुम्ही खुर्चीवर बसा, वेळ जातो.” ही दुप्पट झालेली ताकद! मशीनने आलेल्या प्रत्येक गाडीला ‘बरा’ म्हटलं. ओल्या कापसाच्या गंज्या तापल्या, आतून पिवळ्या पडल्या. मग ऑफिसात सगळ्यांसमोर कंपनीचा साहेब म्हणाला की म्हाताऱ्याने जागा जाऊ नये म्हणून मुद्दाम उलटं शिकवलं. उकंडभाऊ एवढंच म्हणाले, “मी खरं तेच शिकवलं.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मी पंख्याकडे पाहत होतो. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

फाटकाबाहेर त्यांनी विचारलं, “काऊन रे, बोटाचं तू सांगतलं नाई का त्याईले?”

“मले वाटलं, त्याईले माहीत असन,” मी म्हणालो.

ते सायकल हातात धरून चालत गेले. परत आत जाऊन माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पुढेही कधी नाही.

म्हणून हे इथे छापून येऊ दे. उकंडभाऊंनी मशीन बिघडवलं नाही. त्या साहेबांना मी आजही मूर्खच म्हणतो, पण ते अडाणी होते. मी जाणून गप्प होतो.

ते जायच्या दोन आठवडे आधी भेटायला गेलो. घर शेजाऱ्यांनी भरलेलं. मी खाटेवर टेकलो आणि कसाबसा म्हणालो, “भाऊ, त्या दिवशी मी बोलाले पाह्यजे होतं.” त्यांनी छातीवरचा दुपट्टा जरा उचलला, माझा हात आत घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मधुकर ना? बरा माणूस आहे.”

आणि दुपट्ट्याखाली माझी सगळी मूठ आवळली. त्या बधिर बोटांत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे...

तेरवीला त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनींनी तो दुपट्टा मला दिला. “तुमाले द्याले सांगतलं होतं यायनं. लय जीव होता तुमच्यावर.” मी मान हलवली. दाराच्या खुंटीवर तो टांगला आहे. घरातले म्हणतात, घ्या ना खांद्यावर, त्यांची आठवण म्हणून. मी म्हणतो, राहू द्या, तिथेच बरा आहे.