चुन्याचे दोन हात

वसीलाला ऊन सोसत नाही, हे ट्युनिशियातल्या मेहदिया गावच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सोसत नाही म्हणजे काय, ते तिच्या आईच्या, मबरूकाच्या, डोक्यात बत्तीस वर्षांत शिरलं नाही. आजार जन्माचा, रक्तातून आलेला. उन्हानं उजव्या डोळ्यात केव्हाच फूल पडलं होतं. उरलेल्या डाव्या डोळ्याच्या जिवावर वसीला लोकांना कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळून देई. भांडभांडून तिनं अंगणाच्या भिंती गडद निळ्या करून घेतल्या होत्या. काळा चष्मा आणि रुंद टोपी घालून ती ओसरीच्या सावलीत बसे.

धाकट्या भावाचं, खमैसचं, लग्न ठरलं आणि मबरूकाच्या अंगात आलं. लग्नघर पांढरं नको? वसीला दुपारी दार लावून झोपली होती, तेवढ्यात मायलेकांनी भिंतींना चुन्याचे दोन हात मारले.

"उम्मी, हे काय केलंस!"

"लोक काय म्हणतील? सुतकातलं घर वाटत होतं."

"अगं, टोपी वरचं ऊन अडवते. भिंतीवरून उसळलेला उजेड चष्म्याखालून आत घुसतो!"

"सावलीत बसतेस ना? मग ऊन कुठून येईल? ऊठ, लग्नाचा कुसकुस तुझ्याच हातचा हवा."

आता काय म्हणावं या बाईला! प्रेम तरी किती आंधळं असावं! पाहुण्या बायकांसमोर तमाशा नको म्हणून वसीला बसली. चडफडत, खाली मान घालून, लग्नापर्यंत रोज कुसकुस वळत राहिली. डोळा लाल झाला, मग चिकटू लागला. सूस शहरातल्या डॉक्टरांनी डोळा तपासला. "या डोळ्यातही फूल धरतंय. कुठं बसत होतात?"

"सावलीत," वसीला म्हणाली. तिला डॉक्टरांचाही राग आला, स्वतःचा तर जास्तच.

वरातीच्या दिवशी तिला आतल्या खोलीत बसवलं. अंगणातून बायकांचे हर्षाचे चीत्कार येत होते, आणि मधूनच कुणीतरी भिंतींचं कौतुक करत होतं. मबरूका नव्या सुनेचा हात धरून आत आली, घामाघूम, आनंदानं फुललेली.

"बघ गं, आपली नवरी! कशी दिसते सांग!"

वसीलानं चष्मा काढला. समोर सोनेरी-लाल काहीतरी हलत होतं.

"जवळ आण."

"आणली की."

"आणखी जवळ, उम्मी."

"अगं, तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीय ती!"