मांड, सुंठ आणि वजनकाटा

आमचे हे सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला होते. गाव खान्देशातलं, बिऱ्हाड सुरतेच्याच डिंडोलीत, ओळीतल्या एका खोलीत. नव्वदनंतरची ती वर्षं. ह्यांच्या गळ्यातल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या आणि किमोच्या बाटल्या सुरू झाल्या. मी रडले असेन असं वाटेल तुम्हाला, पण नाही हो. आत काही हलतच नव्हतं. भात शिजवायचा, मांड गाळायचा, उलटीचं घमेलं धुवायचं, पुन्हा भात. हात आपले चालायचे.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "ह्या खेपेला वजन आणखी उतरलं तर बाटली लावणार नाही. अंगाला झेपणार नाही."

आणि इकडे पोटात काही ठरेना. शेजारी कुणी काळ्या मसाल्याची फोडणी दिली की हे तोंडावर टॉवेल दाबून भिंतीकडे वळायचे. खान्देशी माणूस आणि फोडणीला भ्यायला लागला! ओळीतल्या बायकांनी मग न सांगता स्वयंपाक पहाटेच उरकायला सुरुवात केली. मला बरं वाटायला हवं होतं. मी फक्त दार लोटून घेत होते.

गावाहून जडीबुटीची पुडी आली होती. डॉक्टरांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही नको, आमच्या औषधाशी भांडेल. मांड, ताक, सुंठ थोडी थोडी द्या. लिंबू हुंगू द्या. पण उलटीची गोळी बंद करायची नाही."

पलीकडच्या खोलीतल्या गुजराती बेननी आणखी एक शिकवलं. त्या कुठेतरी दाबणीचे, म्हणजे ॲक्युप्रेशरचे, धडे घेऊन आल्या होत्या. माझा अंगठा धरून ह्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध. "अहीं दबावो, बेन. धीमे धीमे."

हे हसले. "लूमनं बटन शे का ते? दाबं का चालू व्हई जाई?"

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दाबा, त्यानं अपाय नाही. मग घोट मांड, चिमूट सुंठ आणि अंगठा, हाच माझा दिवस. कधी ठरायचं, कधी घमेल्यात जायचं. कशानं ठरलं, कशानं नाही, मला आजही सांगता येणार नाही.

वजनाच्या दिवशी दवाखान्यात रांगेत बसलो होतो. हे उठले, माठापाशी गेले आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"सूत भिजाडं का वजन वाढस," हे म्हणाले. लूमवर जन्म गेलेला माणूस. ओलं सूत काट्यावर जड भरतं हे त्यांना पाठ होतं.

पण पोट ते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला, ओठ आवळले गेले. मी मनगट धरलं, तीन बोटं मोजली आणि दाबून बसले. पुढचा माणूस सरकला की आम्ही सरकायचो, तसेच धरलेले. हे डोळे मिटून नाकानं श्वास घेत होते. पाणी बाहेर आलं नाही.

नर्सनं फुगलेलं पोट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, पाणी पीने आव्या? पहेला पेशाब करी आवो, पछी वजन!"

रांगेतली माणसं हसली. हे खाली मान घालून गेले, आले, काट्यावर चढले. मी एका बाजूला उभी. काटा डुलला आणि थांबला. नर्सनं मागचा कागद बघितला, मग पुन्हा काटा बघितला.

"एटलुंज छे. उतर्युं नथी."

वजन होतं तेवढंच होतं, म्हणजे बाटली लागणार होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी विचारलं, "सलाईनची खोली कुठली?"

तिथे कॉटवर हे आडवे झाले. नर्स सुई घेऊन आली आणि थांबली.

"हात सोड ना आता," हे हळूच म्हणाले. "तिले सुई लावू दे."

मी खाली बघितलं. काट्यावरून उतरल्यावर ते मनगट मी परत कधी धरलं, मला ठाऊकच नव्हतं. अंगठा उचलला तर तिथे पांढरा ठसा उठला होता. तो हळूहळू लाल होताना मी बघत राहिले.