गुरुनाथने सुधारलेला कॉम्प्युटर

माझा नवरा गुरुनाथ स्क्रीनवरचा मजकूर कधीच पूर्ण वाचत नाही. नागपुरात कॉलेजात असताना मित्रांचे बंद पडलेले कॉम्प्युटर तो 'फॉरमॅट मारून' चालू करून द्यायचा, आणि तोच एक मंत्र घेऊन अमेरिकेत हर्नडनला आला. शनिवार आला की ओळखीच्यांचे लॅपटॉप उघडून बसतो, कुणी बोलावलं नसलं तरी. लोक त्याला परोपकारी म्हणतात. लोकांचं काय जातं!

बेसमेंटमध्ये माझं भरतकामाचं मशीन आहे आणि त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर. ब्लाउजच्या पाठीवरचे मोर, बाह्यांवरच्या कुयऱ्या, वर्षानुवर्षं बसून मी काढलेली सगळी डिझाइन्स त्यातच होती. कॉम्प्युटर हळू होता, पण चालत होता. चालत्या गाड्याला खीळ घालायला या उंटावरच्या शहाण्याला तेवढं पुरलं.

मी ग्रोसरीला गेले आणि त्याने बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. त्या अपडेटने कॉम्प्युटर सुरू होण्याची सेटिंग नव्या पद्धतीची झाली. माझी डिस्क जुन्या पद्धतीची, त्यामुळे तो सुरूच होईना. ती एक सेटिंग परत पहिल्यासारखी केली असती तर भागलं असतं. आमच्या अनिकाने फोनवरून त्याला तेच ओरडून सांगितलं होतं, "बाबा, जस्ट चेंज इट बॅक! डोन्ट टच द डिस्क!"

"जुनं कशाला ठेवायचं यार? डिस्कच कन्व्हर्ट करतो," म्हणून त्याने फोन ठेवला. इंटरनेटवरच्या सूचनांत लिहिलेलं होतं की असं केल्याने डिस्क कोरी होते. ती ओळ सोडून त्याने कमांड तेवढ्या टाइप केल्या आणि वर नवं विंडोज भरलं.

मी पिशव्या घेऊन आले तर हा हसतोय. "बघ, कसा झटकन चालू होतो!"

"माझे मोर कुठे आहेत?"

त्याने शोधलं. मग खांदे उडवले. "बॅकअप घ्यायला हवा होता ना, नंदा."

त्या क्षणी मला हा माणूस नकोसा झाला. अजूनही नकोसाच आहे.

डिझाइन्स आता फक्त शिवलेल्या कपड्यांवर उरली होती. कुठला टाका कशावर चढलाय हे उसवल्याशिवाय कळत नाही, आणि गिऱ्हाइकाचा ब्लाउज कसा उसवणार? माझं भरतकाम असलेला घरात एकच कपडा होता, गुरुनाथचा रेशमी कुर्ता. गळ्याभोवती माझे सगळ्यात चांगले मोर. दर गणपतीला तो मंडळात मिरवायचा.

मी तो टाक्याटाक्याने उसवला आणि मोर कागदावर उतरवून घेतले. मग भोकं पडलेला कुर्ता इस्त्री करून कपाटात परत लावला.

गणपतीच्या दिवशी तो कुर्ता हातात घेऊन खाली धावत आला. "नंदा, हे काय केलंस?"

"बॅकअप घ्यायला हवा होता ना," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं.