पट्ट्यावर घेतलेलं नाव

कारभारीण गेल्यावर मी देव्हाऱ्यात दिवा लावणं बंद केलं. राग होता, लपवून काय करू? सोनारीच्या भैरवनाथाला आम्ही दोघं दर चैत्रात जायचो. मी नारळ फोडायचा आणि तिनं तिथल्या वानरांना भुईमुगाच्या शेंगा घालायच्या, असा आमचा नेम. एवढी सेवा घेऊन त्यानं तिलाच उचललं. छातीत दुखत होतं तर म्हणाली, "पित्त झालंय," आणि ओवा चावून सोयाबीन पाखडायला बसली. मी बैलाला पाणी दाखवून येईस्तोवर सुपासकट कलंडली होती.

पुढं माझ्याही छातीत चढ चढताना कळ यायला लागली. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. म्हटलं, ती गेली त्याच वाटेनं आपणही जाऊ. कुणाला बोललो नाही. पण बांधावर बसून छाती चोळताना मला लेकीनं, सुमननं, बघितलं आणि हाताला धरून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. एसटीत मी मनाशी पक्कं केलं होतं, तपासणीत कितीही दुखू दे, तोंड उघडायचं नाही. काही निघालं नाही की हे लोक घरी सोडतील आणि मग मी माझा मोकळा.

तपासणी हृदयाची, पण त्यात सुई नाही की कापाकापी नाही. चालत्या पट्ट्यावर चालायचं आणि मशीन हृदयाच्या रेघा काढणार. तिथली सिस्टर खणखणीत आवाजाची बाई. तिनं माझ्या छातीवरचे केस जागोजागी भादरले, कातडी पुसून घेतली, चिकट बिल्ले लावून त्यांना तारा जोडल्या आणि दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळली. डॉक्टर मशीनपाशी बसले होते.

"बाबा, छातीत, जबड्यात, हातात, कुठंबी दुखलं की लगेच सांगायचं. लपवायचं न्हाय."

"व्हय," मी म्हणालो. साफ खोटं. पट्टा सुरू झाला तसं म्हणालो, "जिथल्या तिथं फिरायला म्या काय घाण्याचा बैल हाय का?"

"बैल गप फिरतो, बाबा. तुम्ही गप फिरायचं न्हाय, बोलत चालायचं. आवाजावरनं मला तुमचा दम कळतो. देवाचं नाव घ्या की."

"देवाचं न्हाय घेत म्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मग घरच्या मावशींचं घ्या."

"ती गेली."

"म्हणून तर घ्या म्हणते."

आता तिला कसं सांगावं? आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेवढंच. पुढं उभ्या जन्मात 'अगं ए', नाहीतर 'सुमनची आई'. तीही वळून बघायची, तिला कधी त्याचं काही वाटलं नाही. मी पुटपुटलो, "सुभद्रा."

"ऐकू येत न्हाय!"

"सुभद्रा!" मी ओरडलो. मग पावलागणिक एक, असं म्हणत गेलो. जीभ अडखळत होती, पण जरा वेळानं गोडी लागली. नाथाचं नाव घेतानाही कधी असं आत हललं नव्हतं.

पट्ट्याचा वेग वाढला, चढ वाढला आणि कळ आली. मी चेहरा दगडासारखा केला. घामानं एक बिल्ला सुटला होता, म्हणून पडद्यावर रेघा नुसत्या थरथरत होत्या. डॉक्टर त्या बिल्ल्याकडं बोट दाखवत होते. मला वाटलं, निभावलं. पण नाव मधेच तुटलं. 'सुभ' एवढंच निघालं, पुढचं येईना.

सिस्टरनं बिल्ल्याकडं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं. "सर, थांबवा. बाबांचं नाव तुटलं."

पट्टा थांबला. तिनं मला काखेत धरलं. "दुखतंय का, बाबा?"

नाही म्हणायचं ठरलेलं होतं. पण ज्या तोंडात तिचं नाव होतं, त्या तोंडातून ते खोटं निघेना. "लई दुखतंय," म्हणालो आणि लहान पोरासारखा रडलो. ते रडणं नुसत्या छातीचं नव्हतं. ती गेल्यापासून मी रडलोच नव्हतो.

मला निजवलं, जिभेखाली गोळी ठेवली. बिल्ला नीट लावल्यावर रेघांत दोष उघड दिसला. सोलापूरला नेऊन नस मोकळी केली, आत स्प्रिंग बसवली. धाराशिवहून निघायच्या आधीच, दवाखान्याबाहेर सुमन मला म्हणाली होती, "दादा, आईचं नाव तुमच्या तोंडून आज पयल्यांदा ऐकलं. भिंतीपलीकडं ऐकू येत हुतं."

कुणी म्हणेल, यात देवाचं काय? सिस्टरनं तिचं काम केलं. केलंच. ती सगळ्यांनाच बोलत चालायला लावते, तिनंच सांगितलं. मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, मी नाथाचं नाव टाकलं, तर तो रुसला नाही. त्यानं मला सुभद्रेचं नाव घ्यायला लावलं आणि त्यावरच मला परत फिरवलं. दुखणं झाकून जी गेली, तिनंच मला झाकू दिलं नाही.

यंदा चैत्रात सुमनबरोबर सोनारीला गेलो. सगळे 'चांगभलं' म्हणत होते. मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "सुभद्रा." दोन-चार जणांनी वळून बघितलं, बघू देत. नाथाला कळलं. बाहेर येऊन वानरांना शेंगा घातल्या. तो तिचा नेम होता, आता माझा.

देव्हाऱ्यात दिवा लावतो. मागत काही नाही. दुखलं की दुखतंय म्हणतो, लेकीला आणि नाथालाही. न्यायचं की ठेवायचं ते त्यानं बघावं. त्या सिस्टरचं नाव विचारायचं राहून गेलं. म्हणून दिव्यापुढं तिला नुसतं 'बाई' म्हणतो आणि हात जोडतो.