पहिल्या दहा फोटोंतला दिगू

दिगू गेल्याचं कळलं तेव्हा मी अंधेरीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, काउंटरवर ठेवलेल्या दोन हार्ड डिस्कसमोर उभा होतो. फोटो एडिटिंगचा माझा जुना कॉम्प्युटर दमला होता, आणि नव्यात कुठली डिस्क बसवायची ते दिगंबर साटमला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही हा आमचा वीस वर्षांचा रिवाज. चार वाजता मुलुंडहून येतो म्हणाला होता. साडेचार झाले तसा मी वैतागून फोन लावला, तो त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी उचलला. दुपारी जेवून जरा आडवे झाले होते, चहाला उठवायला गेले तर... एवढंच बोलल्या. दुकानदार विचारत होता, चार टीबीची देऊ की आठ? मी त्याला म्हटलं, थांबा, आमचा माणूस यायचाय.

आम्ही दोघेही लग्नाचे फोटोग्राफर. मी घाटकोपरचा, तो मुलुंडचा. त्याचे वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागलेले, माझे बँकेत. ऑर्डरी आपापल्या, पण एकाच्या कामाला दुसरा मदतीला ठरलेला. नवरा-नवरी हॉलवर पोचायच्या आत स्टेजवरचा उजेड तपासावा लागतो आणि त्यासाठी खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. माझ्या ऑर्डरीत दिगू बसायचा, त्याच्या ऑर्डरीत मी. आठ-दहा फोटो काढायचे, उजेड जमला की खुर्ची खाली करायची. दिगू मात्र नुसता बसायचा नाही. कधी नवरीसारखी मान खाली घालून लाजायचा, कधी रुसलेल्या सासऱ्यासारखा बघायचा आणि मग स्वतःच खदखदून हसायचा. आणि तो माझे फोटो काढत असला तर कॅमेऱ्यामागून असं काहीतरी बोलायचा की मला हसू आवरायचं नाही. आम्ही दोघं जितक्या वेळा बोहल्यावर चढलो तितकं मुंबईत दुसरं कुणी चढलं नसेल.

एरवी आमचं छान पटायचं, भांडण व्हायचं ते साठवणुकीवरून. काम करायला वेगवान एसएसडी आणि काम झालेले फोटो ठेवायला मोठी हार्ड डिस्क, हे त्यानेच मला शिकवलं. ‘‘एसएसडी म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा,’’ म्हणायचा. ‘‘ओट्यावर डबे रचून ठेवशील तर पोळ्या कुठे लाटशील?’’ इथवर मला मान्य होतं. पण माळा केवढा हवा यावर आमचं कधी जुळलं नाही. मला पसारा खपत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की मिटलेले डोळे, हललेले हात, आणि सगळ्यात आधी ते खुर्चीतले उजेडाच्या ट्रायलचे फोटो... मी पुसून टाकायचो. माझ्या छोट्या डिस्कमध्ये सगळं मावायचं आणि त्याचा मला भारी अभिमान. दिगू एक फोटो पुसायचा नाही. मी त्याला भंगारवाला म्हणायचो. तो म्हणायचा, ‘‘असांदे रे. माळ्यावर आहे, कुणाला नडतंय?’’

त्याच्या या हावरेपणाने एकदा माझी अब्रू वाचवली होती. बोरिवलीच्या एका लग्नाचे फोटो असलेली माझी डिस्क अल्बम व्हायच्या आधीच बंद पडली. मुलीच्या वडिलांना काय तोंड दाखवणार होतो? दिगू संध्याकाळी घरी आला, खिशातून एक डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या बायकोकडे चहा मागितला. त्या लग्नात मदतीला म्हणून त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो मी विसरूनही गेलो होतो, त्याने मात्र झाडून सगळे ठेवले होते. अल्बम त्यातून उभा राहिला. यावरून मी काय शिकावं? आणखी एक छोटी डिस्क घेतली, आणि पुसणं चालूच ठेवलं.

तेराव्याला हार घातलेला त्याचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. त्यात दिगू कुणीतरी दंड ठोठावल्यासारखा बघतोय. घरच्या कार्यात कॅमेरा कायम त्याच्याच हातात, आणि दुसऱ्या कुणी मोबाइल रोखला की तो चेहरा दगडासारखा करायचा. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावोजी, भिंतीवर लावायला एक हसरा फोटो द्या ना. तुमच्याकडे ढिगाने असतील. ते सांगायचे, शिऱ्याने माझे किती फोटो काढलेत म्हणून.’’ मी हो म्हटलं. घरी येऊन एकेक डिस्क लावली. दिंडोशीचं लग्न, कुर्ल्याचं, मुलुंडचं... एक फोल्डर नवव्या फोटोपासून सुरू, दुसरा अकराव्यापासून. कॅमेरा फोटोंना ओळीने नंबर देतो, त्यातले मी पुसलेले तेवढे गायब. वीस वर्षं प्रत्येक कार्याच्या सुरुवातीला दिगू माझ्यासमोर बसून हसला होता, आणि दर वेळी मी त्याला त्याच दिवशी पुसला होता. मी तिथेच कॉम्प्युटरसमोर बसून रडलो.

पुसलेले फोटो परत काढून देणारा एक जण साकीनाक्याला आहे. त्याच्याकडे सगळ्या डिस्क आणि कार्डं नेऊन दिली. दोन दिवसांनी त्याने मान हलवली. ‘‘काका, पुसल्यावर ती जागा रिकामी ठेवली असती तर काहीतरी निघालं असतं. आता त्यावर दुसरी लग्नं बसलीयेत.’’

वहिनींना हे सांगणं भाग होतं. चार दिवस टाळलं, मग मुलुंडला गेलो आणि सरळ सांगून टाकलं. त्या उठून दिगूच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, ह्यांनी काय ठेवलंय ते तरी बघू. त्याचे फोल्डर एक नंबरापासून सुरू होत होते, आणि प्रत्येकात पहिले आठ-दहा फोटो माझे. भरघोस केसांचा मी, विरळ केसांचा मी, नव्या चष्म्यातला मी. दिगू एकातही नव्हता, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. मला मान वर करवेना. वहिनी एका फोटोवर थांबल्या. त्यात मी हसता हसता खुर्चीतून अर्धा उठलोय.

‘‘इथे काय म्हणाले होते ते?’’ त्यांनी विचारलं.

मला आठवलं. ‘‘म्हणाला, शिऱ्या, नीट बस मेल्या, मुलीकडचे बघतायत, मोडेल लग्न.’’

वहिनी हसल्या. मग त्यांनी पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा.

नव्या कॉम्प्युटरमध्ये मी आठ टीबीची डिस्क बसवली. दिगूचे सगळे फोल्डर तिच्यावर उतरवून घेतलेत. वहिनींना त्याचा चेहरा देता आला नाही, निदान त्याचं बोलणं तरी द्यावं म्हणून कामातून वेळ मिळाला की एकेक फोटो उघडतो, आठवेल ते लिहून काढतो आणि फोनवर त्यांना वाचून दाखवतो. पण आठवणाऱ्या फोटोंपेक्षा न आठवणारेच जास्त आहेत. काल असाच एक निघाला. मागे रिकामा हॉल आणि मी पोट धरून हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उजेड अगदी बरोबर जमलाय. किती वेळ तो मोठा करून बघत बसलो. दिगू तेव्हा काय बोलला होता, ते काही केल्या आठवत नाही... विचारायचं तर त्यालाच विचारायला हवं.